राखणीचा डबा

ऊन तापलं की शेडमधलं इंटरनेट बंद पडायचं, आणि नेट पडलं की सूनबाईला हातातलं काम टाकून पळावं लागायचं. मग डोक्याला साबण असो, चुलीवर दूध असो, नाहीतर दारात पाहुणा उभा असो. घरात तिला सगळे सूनबाईच म्हणत. लग्न होऊन केसांत पांढरं दिसायला लागलं तरी सूनबाईच. नावानं हाक मारणारं माणूस एकच होतं, तिची आई, आणि ती दोन बस बदलून जावं लागेल इतक्या लांब अंथरुणाला खिळलेली.

शेड कोंबड्यांची. लांबलचक, दोन्ही अंगांना जाड प्लास्टिकचे पडदे लावून बंद केलेली. एका टोकाला भिंतीत मोठाले पंखे, दुसऱ्या टोकाला पाण्यानं भिजलेले पुठ्ठ्याचे पॅड. पंखे हवा ओढायचे आणि ओल्या पॅडमधून गार होऊन ती आत यायची. कुठला पंखा कधी लावायचा हे भिंतीवरचा कंट्रोलर ठरवायचा. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, शेड आणि घाम सूनबाईच्या घरचा. आत किती गरम आहे ते कंपनीला आपल्या हपिसात बसून पडद्यावर दिसलं पाहिजे, असा करार. ते दाखवायचं काम एका राऊटरचं. सिमकार्ड घातलेला, दोन शिंगांचा काळा राऊटर.

आता या राऊटरला एक खोड होती. तो मरायचा नाही, मेल्याचं सोंगही घ्यायचा नाही. उलट जिवंत असल्याचं सोंग घ्यायचा. दिवे हिरवेगार, आणि आत काही नाही. मग कंपनीतून फोन यायचा, "वहिनी, तुमची शेड दिसत नाही." जशी काही शेड कुणी काखोटीला मारून नेली! उपाय अगदी सोपा. प्लग काढायचा, जरा दम खाऊ द्यायचा, परत लावायचा. पण तेवढं करायला माणूस लागतं, आणि ते माणूस म्हणजे सूनबाई.

नवरा खाद्याचा टेम्पो घेऊन सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. घरी मामंजी होते. सासरा म्हातारा, पण हाडानं काटक. सकाळी शेडभोवती फेरी मारणं, वाळलेलं गवत कापणं, पाण्याची टाकी धुणं ही कामं त्यांची. विजेच्या वस्तूंना मात्र हात लावायला त्यांना बंदी होती. एकदा त्यांनी कंट्रोलरवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली होती आणि तो बंद पडला होता. तेव्हापासून ते भिंतीजवळ गेले तरी सूनबाई ओरडायची, "मामंजी, हात नका लावू!" पुढं पुढं ते नुसते तिकडं बघायला लागले तरी ती ओरडायची.

"बघायलाही बंदी का?" म्हातारा म्हणायचा. "डोळ्यांनी काय शॉक बसतो?"

या राऊटरपायी तिला माहेरी राहायला जाऊन वर्ष उलटलं होतं. आई पडली, मांडीचं हाड मोडलं, तेव्हासुद्धा ती सकाळी जाऊन संध्याकाळी परत आली होती. भाऊ फोनवर म्हणायचा, "ताई, आई तुझं विचारते. हल्ली मधूनच घोटाळा होतो तिचा. माणसं ओळखत नाही पटकन." भावजय पाठीमागून काहीतरी बोलायची. काय बोलते ते ऐकू यायचं नाही, पण सूनबाईला कळायचं.

"दोन दिवस जाऊन येऊ का हो?" ती नवऱ्याला विचारायची.

"जा की. मी कुठं नाही म्हणतोय? फक्त शेडचं बघ काय ते."

म्हणजे जाऊ नको. नाही म्हणायचं नाही आणि जाऊ द्यायचं नाही, ही कला नवऱ्यांना कोण शिकवतं देव जाणे.

त्या उन्हाळ्यात वायरमन मोटरीचं काम करायला आला होता. त्याच्या समोरच ती तीन वेळा शेडकडं पळाली. तो हसला. "वहिनी, याच्यावर औषध आहे." आणि पुढच्या खेपेला त्यानं एक पांढरा डबा आणला. डब्याला प्लग लावायच्या दोन जागा. राऊटरचा प्लग एकीत घातला आणि डबा भिंतीला लावला.

"हा काय करतो?"

"हा बाहेर सारखी हाक मारत राहतो. नेटवरून ओ आली तर ठीक. नाही आली की राऊटरची वीज कापतो आणि परत देतो. तुम्ही प्लग काढून लावता, तेच."

"आणि तरी ओ नाही आली तर?"

"तर परत कापतो. ओ येईपर्यंत. तो काही दमत नाही तुमच्या-माझ्यासारखा."

पहिल्या दिवशी सूनबाई काम सोडून त्या डब्यासमोर स्टूल टाकून बसली. दुपारी राऊटरनं नेहमीचं सोंग घेतलं. डब्यात टक् असा आवाज झाला, दिवे गेले. परत टक् झालं, दिवे आले. तिनं फोनमध्ये बघितलं तर शेड दिसत होती. कंपनीचा फोन नाही, पळापळ नाही, काही नाही. तिला हसू आवरेना. म्हातारा दारात उभा होता.

"झालं, तुझी पण नोकरी गेली," मामंजी म्हणाले.

"जाऊ दे हो! अशी नोकरी सात जन्मात नको."

आठवडाभर डब्यानं इमानानं काम केलं. सूनबाईनं भावाला कळवलं, पिशवी भरली. आईसाठी मऊ कापडाचे दोन गाऊन शिवले. निघायच्या दिवशी सकाळी ती शेडमध्ये शेवटची फेरी मारायला गेली, आणि तिच्या डोक्यात एक विचार आला. विचार चांगलाच होता, तिथंच घात झाला. मागं एकदा तो पंख्यांचा कंट्रोलरही असाच अडकून बसला होता. तोही तिनंच प्लग काढून लावल्यावर सुरू झाला होता. मी नसताना तो अडकला तर? डब्यात एक जागा रिकामीच होती. तिनं कंट्रोलरचा प्लग भिंतीतून काढला आणि डब्यात घातला. अडकलेलं सोडवणं हेच त्याचं काम ना, मग दोघांनाही सोडवेल. डब्याला कंट्रोलर काय नि पंखे काय, काहीच कळत नाही, त्याला फक्त नेटची ओ कळते, हे तिच्या लक्षात आलं नाही. आपण नसताना कशात काही कमी राहू नये म्हणून बाई माणूस निघताना चार गोष्टी जास्तच करतं, त्यातलीच ही एक.

जाताना ती म्हाताऱ्याला म्हणाली, "मामंजी, पाणी आणि खाद्य तेवढं बघा. बाकी कशाला हात लावू नका. सगळं आपोआप होतं आता."

"हो हो. मी कशाला लावतोय?"

"नाही, खरंच नका लावू. शपथ घ्या माझी."

"अगं घेतली! बस चुकेल तुझी."

आई खिडकीजवळच्या खाटेवर होती. एवढीशी झाली होती. सूनबाईनं पिशवी खाली ठेवली नि तिच्या कपाळावर हात ठेवला.

"कोण? इंजेक्शनवाली का?"

"आई, मी गं."

म्हातारीनं बराच वेळ बघितलं. मग तिचा चेहरा हलला. तिनं लेकीला नावानं हाक मारली आणि म्हणाली, "किती उशीर केलास गं. शाळा कधीच सुटली असेल."

सूनबाई रडली नाही. तिनं गरम पाणी केलं, आईचं अंग पुसलं, पाठीवर जिथं लाल झालं होतं तिथं मलम लावलं. नखं वाढून वळली होती. पाण्यात बोटं भिजवून ती एकेक नख कापायला बसली. भावजयीनं चहा आणून ठेवला आणि न बोलता गेली. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. आई मध्येच डोळे मिटायची, मध्येच उघडून बघायची, ही आहे ना म्हणून.

फोन वाजला. कंपनीचा. "वहिनी, शेड दिसत नाही."

"येईल, येईल. डबा बसवलाय आता. आपोआप होतं," सूनबाई ऐटीत म्हणाली आणि फोन उपडा ठेवला.

दुसऱ्या हाताची नखं झाली. पायाची झाली. परत फोन आला. शेड अजून दिसत नव्हती. तिनं मामंजींना फोन लावला. लागेना. शेजारच्या शेतातल्या बाईला लावला, तोही लागेना. गावात कुणाचाच फोन लागत नव्हता. म्हणजे राऊटर अडकलाच नव्हता. मोबाईलचा टॉवरच बंद पडला होता. मग डब्याला ओ कुठून येणार? आणि ओ येईपर्यंत डबा काय करणार?

तिनं नेलकटर खाली ठेवलं.

राऊटरचा प्लग आणि कंट्रोलरचा प्लग, दोन्ही तिला डोळ्यांसमोर दिसले, शेजारी शेजारी. डबा कापणार, देणार, परत कापणार. कंट्रोलर चालू झाला की लगेच सगळे पंखे लावत नाही. थांबतो, मग एक पंखा लावतो, मग दुसरा. तेवढ्यात परत टक्. आणि या उन्हात बंद शेडमध्ये पिल्लं. आता कुठं पिल्लं, चांगली वजनाला आलेली.

"निघालीस?" आई म्हणाली.

"आई, आले लगेच."

"लगेच म्हणजे कधी?"

नवे गाऊन पिशवीतच होते, ते सूनबाईनं उशाशी काढून ठेवले आणि ती धावत सुटली. बसस्टॉपवरून तिनं नवऱ्याला फोन लावला. तो लागला. टेम्पो माल उतरवायला लांब गेलेला. तो म्हणाला, "काय? पंखे? कसे काय बंद?" ती म्हणाली, "ते नंतर. तुम्ही निघा."

बसमध्ये ती दांडी धरून उभीच राहिली. बसायला जागा होती, पण बसवेना.

ती शेडशी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. लांबूनच तिला दिसलं, बाजूचा पडदा वरपासून खालपर्यंत चिरलेला होता. एक नाही, चारपाच ठिकाणी. चिरांमधून वाफ आणि घाण वास बाहेर येत होता. आत पंखा सुरू झाल्याचा आवाज आला, मग दुसऱ्याचा, आणि टक्. सगळं गप्प. तिनं जाऊन दोन्ही प्लग उपटले. कंट्रोलरचा भिंतीत घातला. एकेक करून पंखे लागले आणि लागलेलेच राहिले.

पॅडच्या भिंतीशी कोंबड्यांचा ढीग होता. गार हवेकडं धावल्या होत्या आणि एकमेकींवर चढून गुदमरल्या होत्या. जिवंत होत्या त्या चिरांच्या कडेनं पंख फाकवून, चोची उघड्या टाकून धापा टाकत होत्या. मामंजी त्यांच्यामधून बादली घेऊन फिरत होते आणि हातानं पाणी शिंपडत होते. सदरा अंगाला चिकटलेला. कोपऱ्यात विळा पडला होता. त्यांच्या तळहाताचे फोड फुटून लाल झाले होते.

"आलीस?" ते म्हणाले. आवाज बसला होता. "पंखे लागायचे आणि बंद पडायचे. त्या डब्यात वाजलं की बंद. माझ्या ध्यानात आलं ते. दोनदा प्लगपाशी गेलो बघ. पण म्हटलं नको. तू सांगून गेलीस, शपथ घातली. म्हटलं आपण हात लावायचो आणि आहे तेही जायचं. मग विळा घेतला नि पडदे फाडले. पडद्यांना हात लावू नको असं काही तू म्हणाली नव्हतीस."

एक प्लग. तो एक प्लग ओढला असता तर सगळ्या वाचल्या असत्या. सूनबाईला हे म्हाताऱ्याला सांगवेना.

तेवढ्यात टेम्पो येऊन थांबला. नवरा आत आला. त्यानं ढीग बघितला, पडदे बघितले. मग भिंतीवरचा डबा बघितला, त्याच्या दोन्ही जागा, आणि खाली लोंबणारा राऊटरचा प्लग. तो खुळा नव्हता. डबा वीज कापतो हे त्याला ठाऊक होतं, पंखे बंद पडायला दुसरं कारण नव्हतं.

"कंट्रोलर या डब्यात होता? कुणी लावला?"



नवरा बापाकडं वळला. "तुम्ही! दुसरं कोण? किती वेळा सांगायचं हात लावत जाऊ नका म्हणून? ओल्या फडक्यानं पुसणारे तुम्हीच. एक गोष्ट ऐकायची नाही, सगळ्यात नाक खुपसायचं! आणि वर पडदे फाडलेत! घरादाराला मातीत घातलंत की हो!"

मामंजींनी सुनेकडं बघितलं. कंट्रोलर तिनं लावला हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तो लावला नाही, म्हणजे राहिलं कोण?

सूनबाई बोलणार होती. खरंच बोलणार होती. पण तिच्या मनात आलं, हे माझ्यावर आलं तर संपलं. मग मी या शेडच्या दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आई गेली तरी मला टाकता यायचं नाही. म्हाताऱ्यावर आलं तर काय होईल? ओरडा खाईल, आणि तो तर रोजच खातो. हा विचार तिला आला आणि आपलीच तिला शरम वाटली. शरम वाटूनही ती गप्प राहिली.

उरलेला उजेड असेपर्यंत तिघांनी मेलेल्या कोंबड्या गोणीत भरल्या. मागच्या बाजूला खड्डा काढला. नवरा खणत होता नि तोंडानं चालूच होता, बापाला लागेल असं, नावं न घेता. म्हातारा गोण्या ओढत होता. एक गोणी त्याला ओढवेना, त्यानं ती दोन्ही हातांनी कवळली, तर फोडांची कातडी गोणीला चिकटली. सूनबाई धावली. "राहू द्या मामंजी, मी घेते."

"हात लावू नको," म्हातारा म्हणाला. एवढंच. आणि गोणी ओढत नेली.

थरावर थर पडले, वर चुना टाकला. म्हातारा जेवला नाही. सूनबाईनं हळद-तेल गरम करून वाटी त्याच्या दाराशी ठेवली, ती सकाळी तशीच होती.

सकाळी कंपनीचा सुपरवायझर आला. तरुण, इस्त्रीचा शर्ट घातलेला, वाईट माणूस नव्हे. नाकाला रुमाल लावून त्यानं शेड बघितली. राहिलेल्या कोंबड्या बघून म्हणाला, "टॉवरचं कालच्या उन्हानं काहीतरी जळलं म्हणे. पण टॉवर पडला म्हणून पंखे का बंद पडले? ते तर नेटशिवाय चालतात."

"आमच्या वडिलांनी कंट्रोलर त्या डब्यात घातला," नवरा म्हणाला. "म्हातारं माणूस. कळत नाही त्यांना."

"काय आजोबा?"

मामंजी अंगणात खुर्चीवर बसले होते. हाताला फडकी बांधलेली. त्यांनी मान हलवली. हो अशी.

सुपरवायझरनं उसासा टाकला. "मग मला वर असंच सांगावं लागेल. पिल्लांची पुढची बॅच द्यायची तर दोन गोष्टी पाहिजेत. आजोबांनी शेडमध्ये यायचं नाही. आणि जबाबदार माणूस चोवीस तास घरी पाहिजे. वहिनी आहेतच म्हणा. त्या असताना कधी असं झालं नाही."

"ती असतेच," नवरा म्हणाला. "कुठं जातेय?"

झालं. घ्या! जे वाचवायला तोंड शिवून बसली, तेही गेलं आणि म्हाताऱ्याची शेडही गेली. सूनबाईला आतून असं काही भडभडून आलं की तिला थांबवताच येईना.

"मी लावला," ती म्हणाली.

"काय?"

"प्लग मी लावला. जायच्या दिवशी सकाळी. कंट्रोलर अडकला तर डबा सोडवेल म्हणून. मामंजींनी कशालाच हात लावला नाही. लावला असता तर एकही मेली नसती. मीच शपथ घातली होती. आणि ज्या जगल्यात त्या त्यांनी पडदे फाडले म्हणून जगल्यात."

नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो तिच्याकडं बघत राहिला, मग बापाकडं, मग जमिनीकडं. सुपरवायझरनं रुमाल खिशात घातला आणि उगाचच फोन बघायला लागला.

"मग काल का नाही बोललीस?"

हे म्हातारा म्हणाला. खुर्चीतून हललाही नाही. "प्लगचं जाऊ दे. चूक कुणाकडूनही होते. पोरगा मला खड्ड्यापाशी काय काय बोलला, तू शेजारीच होतीस. तेव्हा का नाही बोललीस?"

सूनबाईकडं उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. तरी तिनं सांगितलं. "आईकडं परत जाता यावं म्हणून."

शेडमधून पंख्यांचा आवाज येत होता. शेवटी सुपरवायझर म्हणाला, "बॅचचं मी विचारतो वर. नक्की सांगत नाही. पण माणूस कोण राहणार, कुणाचा नंबर घालू, तेवढं आत्ता सांगा."

नवरा सूनबाईचा नंबर सांगायला लागला.

"थांब," मामंजी म्हणाले. "माझा घाल."

"बाबा, तुम्हाला कसं..."

"का? मी माणूस नाही? इतकी वर्षं या घरात काय कोंबडी म्हणून राहिलो?"

सुपरवायझरला हसू आलं, ते त्यानं गिळलं. नवरा टेम्पोकडं गेला, दार उघडलं, परत लावलं, आणि तिथंच पाठ करून उभा राहिला. म्हाताऱ्यानं आपला नंबर एकेक आकडा करून सांगितला, आणि सुपरवायझरनं तो घातला.

सूनबाई खुर्चीजवळ खाली बसली. "चुकलं माझं मामंजी."

"हो, चुकलं." ते एवढंच म्हणाले. माफ केलं असं काही ते म्हणाले नाहीत, आणि तिनंही विचारलं नाही. मग म्हणाले, "आई कशी आहे तुझी?"

एवढ्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं. आतापर्यंत धरून ठेवलेलं सगळं तिच्या डोळ्यांतून वाहायला लागलं. "आधी ओळखलंच नाही मला. मग ओळखलं. आणि मी उठून आले."

"मग जा ना. दुपारची बस आहे. तुला परत ओळखायला तिला कष्ट पडायच्या आत जा."

"आणि इथलं?"

मामंजी खुर्चीच्या हातांना धरून उठले. फडक्याखाली दुखलं असावं, तोंड वाकडं झालं. ते शेडकडं चालायला लागले आणि मागं न बघता म्हणाले, "चल. जाताना कुठला प्लग कधी काढायचा ते दाखवून जा. आणि हात लावा असं तुझ्या तोंडानं सांगून जा."